एकवीस चाळीस

१

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही आणि या गोष्टीचा मी पुरेपूर फायदा उठवायचे. ते पाठमोरे असले की तोंडाला येईल ते बोलून घ्यायचे. म्हाताऱ्या, जरा पाय उचल. म्हाताऱ्या, सहलीला नाही आलो आपण. ते वळले की ओठ मिटायचे, कारण ओठ त्यांना वाचता येतात. हे वाईट आहे, मला कळतं. दिवसभर उन्हात बहिऱ्या माणसाबरोबर काम करून बघा आणि मग मला शिकवा.

बोईसरच्या एका कारखान्यात बाबांनी तेवीस वर्षं पत्रा ठोकायच्या मशीनवर काढली. कान तिथेच गेले. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नसच मेलेली आहे, कानात मशीन घालून काही उपयोग नाही. याला आता अकरा वर्षं झाली. नोकरी सुटल्यावर बाबा दोन वर्षं घरात एका खुर्चीत बसून होते. आई त्यांच्या भोवतीने केर काढायची. मग मी त्यांना टेप धरायला बरोबर न्यायला लागले आणि माणूस पुन्हा उभा राहिला. सकाळी माझ्याआधी बूट घालून दारात हजर. हे काम गेलं तर ते परत त्या खुर्चीत जातील, याची आईला आणि मला दोघींनाही धास्ती होती.

माझं काम जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढायचं. या वर्षी प्रदीप नावाच्या माणसाने पर्यटकांसाठी एक पुस्तिका काढायला घेतली होती. ‘पालघरच्या किनाऱ्यावरची आठ ठिकाणे, एका दिवसात.’ केळव्याचा पाण्यातला कोट, माहीम, फांद्या फुटलेल्या ताडाचा शिरगावचा किल्ला, तारापूर. प्रत्येकाचा छोटा नकाशा आणि खाली दोन ओळी. लोक येतात, बुरुजावर चढून फोटो काढतात, वेफर्सची पाकिटं टाकतात आणि जातात. त्यांना नकाशा कशाला लागतो, देव जाणे.

आमची पद्धत ठरलेली होती. टेप तीस मीटरची, फायबरची. रीळ माझ्या हातात, कडीचं टोक बाबांच्या हातात. ते भिंतीपाशी जायचे, निळ्या खडूने फुली मारायचे आणि फुलीवर कडी टेकवायचे. मग टेपला दोन झटके. पहिला जोरात, दुसरा जरा दमाने. म्हणजे शून्य भिंतीवर आहे, वाच. मी वाचलं की तीन झटके द्यायचे, म्हणजे बाहेर या. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून झटके. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं, त्याच फुलीवरून. तिन्ही जुळली नाहीत तर मी रेषा मारत नाही. हा माझा नियम. बाबांना हा नियम फार आवडायचा, पाहुण्यांना सांगायचे.

२

पाचवं ठिकाण घिवलीच्या अलीकडे, सुरूच्या बनामागे. एक अर्धा पडलेला बुरुज आणि त्याला लागून थोडा तट. गावात त्याला नुसतं कोट म्हणतात. तिथून अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसते, म्हणून प्रदीपला ते ठिकाण हवंच होतं. जुनं आणि नवं एका फोटोत, म्हणाला.

तटाच्या पोटातून एक बोळ बुरुजाकडे जातो. एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. दोघं समोरासमोर आले तर एकाला मागे फिरावं लागेल. बोळ डावीकडे वळत जातो, त्यामुळे सहा मीटरनंतर आतलं काही दिसत नाही. शेवटी भिंत. दुसरीकडे वाट नाही.

बोळाच्या तोंडापासून जरा लांब नर्मदा नावाची मांगेलीण बांबूंवर बोंबील सुकवत होती. साठीची असेल. कोटाच्या बाहेरच्या प्रत्येक दगडावर जाळी पसरलेली होती. बोळाच्या तोंडाशी मात्र काहीच नव्हतं, आणि सावली तर तिथेच होती.

बाबा कडी आणि टॉर्च घेऊन आत गेले. नर्मदाने मान वर केली.

“ता टेप आत सोडताय?”

“माप घेतोय, मावशी.”

“आमी आत दोर नाय सोडत,” ती म्हणाली आणि परत बोंबलांकडे वळली. का, ते मी विचारलं नाही. वेळ नव्हता, आणि मला गावातल्या प्रत्येक दगडाची गोष्ट ऐकायचा कंटाळा आलेला आहे.

दोन झटके आले. मी वाचलं. एकवीस चाळीस.

तीन झटके दिले, बाबा बाहेर आले, पाणी प्याले, परत आत गेले. दोन झटके. एकोणीस पंचाऐंशी.

असं होतं कधी कधी, टेप दगडाला अडकते. पण अडकली तर माप वाढतं, कमी होत नाही. बाबा बाहेर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, “फुलीवर कडी टेकवली होती का?”

“मग? फुलीवरच की!” बाबा मोठ्याने म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमीच मोठ्याने बोलायचे. अर्ध्या गावाला आमचं सगळं कळायचं.

तिसऱ्यांदा सतरा दहा.

ते बाहेर येऊन पाठमोरे वाकून बाटली उचलत होते. “म्हातारा भिंतीपर्यंत जातच नाही,” मी म्हणाले. “अंधाराला घाबरतो आणि मला येडी बनवतो.” ते सावकाश पाणी पीत राहिले. त्यांना काहीही ऐकू आलेलं नव्हतं.

३

रात्रीच्या जेवणाला बाबांनी भाकरी मोडली आणि ताटात ठेवून दिली.

“ज्ञानू, पयलं माप घे आन् सोड की. एकवीस चाळीस बरोबर हाय.”

ते बरोबर होतं, मलाही माहीत होतं. बाहेरून मोजलेला तट आणि भिंतीची जाडी यांचा हिशेब केला तर आतला बोळ एकवीस-साडेएकवीस मीटरच निघत होता. पण मग बाकीची दोन कुठून आली?

“तुम्ही मध्येच कुठेतरी थांबलात,” मी तोंड त्यांच्याकडे करून म्हणाले.

“आगं, न्हाई. भिंतीवर माझी फुली व्हती. निळी. तिन्ही बारीला तिच्यावरच कडी ठिवली म्या.” त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. “पन तिसऱ्या बारीला भिंत गरम लागली.”

“पलीकडून ऊन पडत असेल.”

“आसंल.” त्यांनी भाकरीचा तुकडा परत उचलला. “जरा मऊ बी लागली.”

जुना चुना ओलावा धरतो, मऊ लागतो. हे मी त्यांना सांगितलं आणि स्वतःलाही पटवून दिलं. फुली तीच आणि माप वेगळं हे होऊच शकत नाही. भिंत चालत नाही. म्हणजे चूक बाबांची. दुसरा हिशेब लागतच नव्हता.

“उद्या परत जाऊ,” मी म्हणाले.

बाबांनी आईकडे बघितलं. मग नियम माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रिय होता ते त्यांना आठवलं असावं. “जाऊ,” ते म्हणाले. “तीन जुळल्याबिगर रेघ न्हाई मारायची.”

मी तेव्हा पहिलं माप घेऊन गप्प बसले असते, तर आज आमच्या घरात बाबा असते.

४

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास पोहोचलो. ऊन असं की वाळूकडे बघवत नव्हतं. ओहोटीला समुद्र लांब गेला होता. नर्मदा तिच्या बांबूंपाशी होती. आज तिने आमच्याकडे बघायचंही टाळलं.

बाबा बोळाच्या तोंडाशी थांबले. बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग दुसऱ्या बुटाची.

“चला ना,” मी म्हणाले, आणि ते खालीच बघताहेत म्हटल्यावर, “नाटकं नुसती. बहिऱ्याला आता भीती पण वाटायला लागली.”

ते उठले. माझ्याकडे बघून हसले, कारण मी काय बोलले ते त्यांना कळलं नव्हतं. कडी घेतली, टॉर्च काखेत धरली आणि आत गेले. पांढऱ्या सदऱ्याची पाठ वळणापर्यंत दिसली. स्वच्छ पाठ, आईने निळीत घालून इस्त्री केलेली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

रीळ फार फिरलं नाही. दोन झटके आले. पहिला जोरात, दुसरा जरा दमाने. बाबांचेच.

मी वाचलं. सहा तीस.

मला भयंकर राग आला. मी बोळात वाकून बघितलं. वळणाच्या भिंतीवर टॉर्चचा पिवळा उजेड पडला होता, म्हणजे बाबा तिथेच पलीकडे, दोन पावलांवर होते. तो उजेड अजिबात हलत नव्हता. मी ओरडले, “बाबा!” ओरडून उपयोग नाही हे माहीत असूनही ओरडले.

उजेडात काहीतरी होतं. बाबांसमोर भिंत असती तर उजेड पसरून पडला असता. तो मधोमध अडला होता, आणि कडेकडेने पुढे निसटत होता. बाबांसमोर माणसाच्या उंचीइतकंच काहीतरी उभं होतं, आणि बाबांनी त्यावर कडी टेकवून धरली होती. कालची मापं त्याच्यावरच घेतली होती का? फुली त्याच्यावर होती का? एवढं माझ्या डोक्यात आलं. मी आत धावायला हवं होतं. माझे पाय हलले नाहीत, पण हाताला सवय होती. हाताने तीन झटके दिले.

बाहेर या.

५

झटके दोघांनाही पोहोचले असणार. टेप एकच होती.

उजेड हलला. तो आत जायला लागला. वळणाच्या भिंतीवरून सरकत, फिका होत, आत. माझ्या हातातलं रीळ गर्रकन फिरायला लागलं. सात मीटर, नऊ, बारा. कोणीतरी कडीचं टोक घेऊन आत चाललं होतं, आणि स्वतःच्या पायांनी चालल्यासारखं नाही, फार भराभर. आणि त्याच वेळी, त्याच बोळातून, एका वेळी एकच माणूस जाईल अशा त्या बोळातून, पावलं बाहेर येत होती. बुटांचा आवाज. सावकाश.

मी रीळ टाकलं आणि मागे सरकले.

बाबा बाहेर आले. पांढरा सदरा, बूट, सगळं जिथल्या तिथे. हात रिकामे. अंधारातून भर उन्हात आले तरी त्यांनी डोळे बारीक केले नाहीत.

“टॉर्च?” मी ओठ नीट हलवून विचारलं.

“ऱ्हायली आत.” हळू आवाजात.

ते माझ्या बाजूने पुढे गेले, स्कूटरच्या दिशेने. त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, निळ्या खडूची फुली होती.

टेकले असतील भिंतीला, मी मनात म्हटलं. भिंतीवरची फुली सदऱ्यावर उमटली असेल. उमटते अशी. पण उमटलेली फुली पुसट येते, आणि ही दोनदा गिरवल्यासारखी ठसठशीत होती. नेहमीच्या सवयीने, स्वतःला धीर द्यायला म्हणून, मी त्या पाठीकडे बघत पुटपुटले, “म्हाताऱ्याने सदऱ्याची पार वाट लावली.”

ते थांबले. वळले नाहीत.

“धुतला की निघंल,” ते म्हणाले.

पलीकडे नर्मदा अर्धे ओले बोंबील भराभर टोपलीत टाकत होती. मी “मावशी” म्हणून हाक मारली. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि वाळूतून जवळजवळ पळत गेली. दोन बांबू तिने तसेच सोडले.

६

त्या संध्याकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि बाबा उठून गॅस बंद करून आले.

आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. मग ती हळूच, त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली, “अहो.”

“काय?”

आई जमिनीवर बसून रडली. अकरा वर्षांनी तिने नवऱ्याशी दुसऱ्या खोलीतून गप्पा मारल्या. स्वयंपाकघरातून काहीबाही विचारायची आणि बाहेरून उत्तर यायचं, प्रत्येक वेळी, हळू आवाजात. मीठ कुठे ठेवलं, नात्यातल्या जमुनाच्या लग्नात कोण कोण होतं, सगळं त्यांना माहीत होतं. मलाही वाटलं, डॉक्टर चुकले असतील. मेलेली नस जागी होत असेल. उजेड आत गेला म्हणजे टॉर्च घरंगळली असेल. उतार असेल तिकडे. मी रात्रभर उतार शोधत होते, पण माझ्याच नकाशात बोळ सपाट होता.

सकाळी आई न्हाणीघरातून बाहेर आली. हाताला साबण तसाच.

“सदरा निघाला गं स्वच्छ,” ती म्हणाली. “पण त्यांच्या पाठीवरची फुली जाईना. दगडाने घासली मी. कशाने मारलीत रे देवा!” आणि हसली. फार दिवसांनी अशी हसली ती.

मी तिला गॅलरीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं. बाबा आत राहिलेत. हे बाबा नाहीत. आपण चार माणसं घेऊन जाऊ, शोधू.

“कुणाला शोधायचं?” आई म्हणाली. “बसलेत की समोर.”

“आई, माझं ऐक.”

“अकरा वर्षं मागितलंय मी हे देवाकडे. तोंड सांभाळ, ज्ञानेश्वरी.”

बंद दाराच्या पलीकडून हळू आवाज आला, “वरडू नको तिला. भ्यालीय ती.”

७

मी एकटीच निघणार होते. स्कूटर चालू केली आणि मागची सीट खाली दबली. मी वळून बघितलं नाही. घिवलीपर्यंत माझ्या मानेवर श्वास लागला नाही, एवढंच सांगते.

बोळाच्या तोंडाशी रीळ मी टाकलं होतं तिथेच वाळूत पडलं होतं. टेप आत गेलेली. नर्मदाच्या जागी नुसते बांबू. मी रीळ उचललं, वाळू झटकली आणि टेप ताणून धरली.

दोन झटके आले.

पहिला जोरात. दुसरा जरा दमाने.

मी वाचलं, डोळे पुसले, परत वाचलं. एकवीस चाळीस. बाबा आत शेवटच्या, खऱ्या भिंतीपाशी होते. कडी भिंतीला टेकवून उभे होते आणि मला सांगत होते, धरलंय, वाच. एक दिवस आणि एक रात्र झाली होती. ते माप वाचून मी त्यांना अजून बाहेर बोलावलं नव्हतं.

मी तीन झटके दिले. बाहेर या, बाबा.

वाट बघितली. पावलं आली नाहीत. टेप जराशी थरथरली आणि दोन झटके आले. मी परत तीन दिले. परत दोन आले. माप तेच, एकवीस चाळीस. ही तिन्ही आजची, आणि परवाच्या पहिल्याइतकीच. तीन जुळली होती. मी तिथे वाळूत गुडघ्यांवर बसून मोठ्याने रडले. माझ्या रडण्यातलं एक अक्षरही आत पोहोचत नव्हतं. बाहेर मात्र सगळं ऐकलं जात होतं.

“मी आत जाते,” मी मागे न बघता म्हणाले.

“जा की,” तो हळूच म्हणाला. अगदी माझ्या पाठीशी. “रीळ हिकडं दे. मी धरतो.”

बाबांचाच हात पुढे आला, तळवा वर करून. अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची जुनी खूण होती. मी रीळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मी आत गेले तर हे टोक त्याच्या हातात राहणार. मग आतून दोघांनी कितीही झटके दिले तरी ते वाचायला बाहेर तोच असणार.

मी आत गेले नाही. माझ्या वडिलांना आत ठेवून मी आत गेले नाही.

रीळ मी तिथल्या दगडाला घट्ट बांधून ठेवलं आहे. प्रदीपला सांगितलं की पाचवं ठिकाण काढून टाक, सातच छाप. त्याने कारण विचारलं, मी मापं जुळत नाहीत म्हणाले. रोज दुपारी जाते. तो मागे बसून येतो आणि हात पुढे करून उभा राहतो. त्याला घाई नाही. मी तीन झटके देते आणि थांबते, आतून दोन येतात. पहिला जोरात, दुसरा जरा दमाने. मग मला घरी जाता येतं.

काल एकच आला.